नव्या शेवंतीचे नावगाव

शेवंतीच्या वाफ्यात एखादे निराळे फूल उमलणे ही फारशी दुर्मीळ घटना नाही. मात्र ते फूल नेमके कशाने निराळे आहे, ते निराळेपण पुढच्या हंगामातही टिकते काय, आणि ज्याने ते कधी पाहिले नाही अशा माणसाला केवळ लेखी वर्णनाच्या आधारे ते इतर शेवंत्यांतून वेचून काढता येईल काय, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती येईपर्यंत वनस्पतिशास्त्र आणि कायदा हे दोघेही त्याला 'वाण' मानत नाहीत. वाण म्हणजे एकाच जातीच्या वनस्पतींतील असा गट, की ज्यातील सर्व झाडे ठरावीक लक्षणांत एकसारखी असतात, त्याच लक्षणांमुळे इतर गटांहून वेगळी ओळखू येतात आणि पिढ्यान्‌पिढ्या वाढवली तरी ती लक्षणे गमावत नाहीत. नवे वाण घडवण्याचे अर्धे काम वाफ्यात होते आणि उरलेले अर्धे कागदावर. आपल्याकडे पहिल्या अर्ध्याचे कौतुक होते, दुसऱ्याकडे फारसे कोणी वळत नाही, आणि म्हणून घरोघरच्या अंगणांत वर्षानुवर्षे जपलेल्या कितीतरी शेवंत्या 'पांढरी', 'पिवळी', 'बारीक', 'टपोरी' एवढ्याच ओळखीवर राहिल्या आहेत.

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण अंतर्भागातील महाड आणि पोलादपूर हे तालुके या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहेत. महाडहून वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, काळ नदीच्या खोऱ्यात वसलेली बिरवाडी आज शेजारच्या औद्योगिक वसाहतीमुळे अधिक ओळखली जात असली, तरी तिच्या भोवतीचा मुलूख भाताचा आहे. खाचरात भात, वरकस उतारावर नाचणी-वरी आणि भात कापून झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल-पावटा, असा तेथील शेतीचा क्रम. शेवंती या क्रमात बसत नाही. ती परसदारी, तुळशीवृंदावनाशेजारी किंवा पडवीच्या कडेला एखाद्या जुन्या डब्यात वाढते. तिची मोठी लागवड सह्याद्रीच्या पूर्वेस अहिल्यानगर, पुणे, सातारा, सोलापूर, सांगली या जिल्ह्यांत आहे, आणि दसऱ्यापासून मार्गशीर्षातल्या गुरुवारांपर्यंत कोकणात वेण्या-हारांसाठी लागणारी फुले बव्हंशी घाटावरूनच उतरतात. घाटावरचे वाण कोकणात सुखाने का नांदत नाही, कोकणाला मानवेल असे वाण कसे घडवावे आणि घडलेच तर त्याचे वर्णन कसे करावे, हे समजून घेण्यासाठी आधी या झाडाची घडण पाहावी लागते.

शेवंतीचे शास्त्रीय नाव क्रिसँथेमम मोरिफोलियम. त्यातील पहिला शब्द सोने आणि फूल या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून झाला असून दुसऱ्याचा अर्थ 'तुतीसारख्या पानांची' असा आहे. म्हणजे नाव देणाऱ्याला १७९२ मध्ये या झाडाची खूण म्हणून फुलाइतकेच पानही महत्त्वाचे वाटले होते, आणि वर्णनाच्या संदर्भात ही गोष्ट पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे. शेवंतीचे मूळ घर चीन. तेथे दीड हजार वर्षांहून अधिक काळ ती बागेत वाढवली जात आहे. पुढे ती जपानात गेली आणि तेथील राजघराण्याच्या सोळा पाकळ्यांच्या मुद्रेवर जाऊन बसली, तर युरोपात ती १७८९ मध्ये फ्रान्समधील मार्सेय बंदरातून शिरली. विसाव्या शतकात काही शास्त्रज्ञांनी तिला क्रिसँथेमम या प्रजातीतून काढून डेंड्रँथेमा या प्रजातीत टाकले आणि १९९९ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेनंतर तिचे जुने नाव तिला परत मिळाले. म्हणूनच कृषी महाविद्यालयांच्या थोड्या जुन्या पुस्तकांत तिची दोन्ही नावे आढळतात.

ज्याला व्यवहारात शेवंतीचे फूल म्हणतात ते एक फूल नसते. सूर्यफूल आणि झेंडू यांच्याप्रमाणे ते शेकडो बारीक फुलांचा एकत्र बांधलेला गुच्छ असते, आणि अशा गुच्छाला वनस्पतिशास्त्रात स्तबक म्हणतात. स्तबकाच्या कडेला लांब पट्टीसारखी दिसणारी, लोक ज्यांना पाकळ्या म्हणतात ती किरणपुष्पके असतात आणि त्यांत फक्त स्त्रीकेसर असतो. मधल्या पिवळ्या तबकडीत नळीसारखी बिंबपुष्पके दाटीने बसलेली असतात आणि त्यांत स्त्रीकेसर व पुंकेसर दोन्ही असतात. सगळी फुले बाहेरच्या ओळीपासून आत, काही दिवसांच्या अवधीत, क्रमाक्रमाने उमलतात. भरगच्च दिसणाऱ्या शेवंतीत बिंबपुष्पकांची जागा बहुतांशी किरणपुष्पकांनी घेतलेली असते, त्यामुळे तिच्यापासून पराग जवळजवळ मिळत नाहीत. माणसाला जे फूल सर्वांत देखणे वाटते ते संकराच्या कामात बाप म्हणून प्रायः निरुपयोगी ठरते, याचे कारण हे.

शेवंतीच्या बीजापासून आईसारखी शेवंती उगवत नाही. सामान्य वनस्पतीच्या पेशीत आनुवंशिक गुणांचे धारक असलेल्या गुणसूत्रांचे दोन संच असतात, तर बागेतल्या शेवंतीत ते सहा असतात. नऊ-नऊच्या सहा संचांची मिळून ५४ गुणसूत्रे, आणि काही वाणांत एखाद-दुसरे कमी-जास्त. रंग, आकार, उंची, बहराचा काळ यांतील प्रत्येक गुणाच्या सहा-सहा प्रती एकाच झाडात वावरत असल्याने पुढच्या पिढीत त्यांची कशी वाटणी होईल याचा अंदाज बांधणे अवघड जाते. त्यात आणखी एक अडसर असा, की या झाडाचे पराग त्याच्याच किंजल्कावर, म्हणजे स्त्रीकेसराच्या पराग झेलणाऱ्या टोकावर, पडले तरी सहसा बी धरत नाही. या गुणाला स्व-असंगतता म्हणतात. एका वाणाची सगळी झाडे मुळात एकाच झाडाचे तुकडे असल्यामुळे शेजारच्या वाफ्यातल्या त्याच वाणाच्या झाडाचाही उपयोग होत नाही; बी धरायचे तर परागकण परक्या वाणाचाच हवा, आणि तो आला की प्रत्येक बी वेगळे निघते.

हीच अडचण नवे वाण शोधणाऱ्याला वरदान ठरते. एकदा मनाजोगे झाड सापडले की त्याला बीजाच्या वाटेने जाण्याची गरज उरत नाही, कारण बहर सरल्यावर शेवंतीच्या बुडातून जे नवे फुटवे येतात, ज्यांना शेतकरी काश्या म्हणतात, ते मुळांसह वेगळे करून लावले किंवा कोवळ्या शेंड्यांची कलमे केली, की मूळ झाड जसेच्या तसे वाढत राहते. शेजारणीकडून आणलेली काशी आणि शेजारणीची शेवंती ही दोन झाडे नसून एकाच झाडाचे दोन ठिकाणचे अस्तित्व आहे, असे म्हटले तरी ते शास्त्राला धरूनच होईल.

शेवंती कधी फुलते याचा हिशेब दिवसाच्या लांबीशी जोडलेला आहे. अमेरिकेतील गार्नर आणि अलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवून दिले, की अनेक वनस्पती दिवस आणि रात्र यांची लांबी ओळखून फुलायचे ठरवतात; ज्या वनस्पती दिवस ठरावीक मर्यादेपेक्षा लहान झाल्यावर, अधिक काटेकोरपणे सांगायचे तर रात्र पुरेशी मोठी झाल्यावर, कळी धरतात त्यांना अल्पदिन वनस्पती म्हणतात, आणि शेवंती हे त्यांचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. सोव्हिएत संघातील मिखाईल चायलाख्यान यांनी १९३० च्या दशकात शेवंतीवरच केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की शेंड्याची पाने काढून टाकून फक्त खालच्या पानांना लहान दिवस दाखवला तरी शेंड्यावर कळी येते. फुलण्याचा निरोप पानात तयार होऊन वर जातो, हा निष्कर्ष त्यातून निघाला.

या मर्यादेचा कोकणाशी थेट संबंध आहे. व्यापारी वाणांपैकी पुष्कळांना कळी धरण्यासाठी साडेतेरा ते साडेचौदा तासांपेक्षा लहान दिवस पुरतो. महाड सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने तेथील सर्वांत मोठा दिवस जूनमध्ये १३ तासांच्या किंचित वर जातो आणि सर्वांत लहान दिवस डिसेंबरात ११ तासांच्या आसपास असतो. म्हणजे युरोपात घडवलेल्या वाणाच्या लेखी महाडला बाराही महिने दिवस लहानच. असे वाण येथे लावले तर झाड पुरते वाढण्याआधीच कळीवर येते, आणि म्हणूनच भारतातील हरितगृहांत लागवडीनंतरचे पहिले तीन-चार आठवडे मध्यरात्री दिवे लावून रात्र तोडली जाते. उलट आपल्याकडच्या जुन्या, उघड्या शेतातल्या वाणांना अधिक लहान दिवसांची वाट पाहायची सवय असते, त्यामुळे ती उन्हाळ्याच्या अखेरीस लावून दसरा-दिवाळीला फुलतात. ही सवय कोणी प्रयोगशाळेत घातलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या सणाला फुलणाऱ्या झाडाच्याच काश्या राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्यांनी ती निवडीतून पक्की केली आहे.

आता बिरवाडीचा प्रश्न स्पष्ट होतो. घाटावर एप्रिल ते जून या काळात लावलेली शेवंती पावसाळ्यात वाढते, कारण तेथला पाऊस बेताचा असतो. महाड-पोलादपूर पट्ट्यात मात्र वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. शेवंतीची मुळे उथळ असतात, त्यांना निचरा हवा असतो. पाणी साचले की मुळकूज होते आणि पाने सतत ओली राहिली की त्यांवर काळे-तपकिरी ठिपके पडून ती बुडापासून वर गळत जातात. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरात लागवड करावी म्हटले तर दिवस लहान झालेले असतात आणि वीतभर झाड कळीवर येते. त्यामुळे या भागासाठी जे वाण हवे त्याच्या अंगी गादीवाफ्यावर पावसाळा काढण्याची ताकद तरी हवी, नाहीतर उशिरा लावूनही थोडक्या दिवसांत भरपूर फांद्या फोडण्याची चपळाई तरी हवी. रंग आणि आकार यांचा विचार त्यानंतरचा. शेवंतीच्या संकराविषयी जे काही लिहिले जाते त्यात फुलाच्या रूपाला पहिला मान मिळतो. कोकणापुरता तरी हा मान मुळाला द्यायला हवा.

संकराची कृती ऐकायला सोपी आणि करायला जिकिरीची आहे. प्रथम जोडीतील एक झाड आई म्हणून आणि दुसरे बाप म्हणून ठरवतात. ज्या अंगणशेवंतीने अनेक पावसाळे काढले आहेत ती या कामी आई म्हणून घ्यावी आणि ज्याचा फुलोरा बाजाराला आवडतो असे, परंतु मध्ये पिवळी तबकडी उघडी असलेले, वाण बाप म्हणून निवडावे, हे सयुक्तिक ठरेल. आईच्या स्तबकातील किरणपुष्पके उमलू लागली की बारीक कात्रीने त्यांच्या पट्ट्या बुडाजवळ छाटतात, जेणेकरून आत दडलेला किंजल्क उघडा पडतो. मधली बिंबपुष्पके असल्यास तीही चिमट्याने काढून टाकतात. स्वतःच्या परागाने बी सहसा धरत नसले तरी हा नियम प्रत्येक झाड सारख्याच कसोशीने पाळत नाही, म्हणून ही खबरदारी. त्यानंतर स्तबकावर बटर पेपरची पिशवी चढवतात, म्हणजे मधमाश्या आणि माश्या परके पराग आणून टाकत नाहीत. किंजल्काचे टोक दोन फाट्यांत उकलले, की ते पराग घेण्यास तयार झाले असे समजून, उन्हे वर आल्यावर बापाच्या तबकडीवरचे पिवळे पराग मऊ कुंचल्याने उचलून त्यावर टेकवतात. फुले ओळीओळीने उमलत असल्यामुळे हीच क्रिया दोन-तीन दिवसांच्या अंतराने पुन्हा करावी लागते.

देठाला बांधायच्या चिठ्ठीवर आईचे नाव आधी, गुणिले चिन्ह, मग बापाचे नाव आणि तारीख, असा जगभरचा संकेत आहे. ही चिठ्ठी म्हणजे वाणाच्या वर्णनाची पहिली ओळ. ती हरवली की पुढे कितीही सुंदर फूल आले तरी त्याची वंशावळ कायमची अंधारात राहते.

स्तबक वाळून तपकिरी होण्यास दीड-दोन महिने लागतात आणि त्यात खरे पाहता बी नसून एकेक बी पोटात घेतलेली बारीक, कोरडी फळे असतात. या काळात हवा कोरडी हवी, आणि तेवढ्यापुरते कोकणाचे हवामान अनुकूल आहे, कारण फुलोरा नोव्हेंबर-डिसेंबरात आणि पाऊस केव्हाच संपलेला. फक्त खोऱ्यातल्या पहाटेच्या दवाने स्तबके भिजून कुजू नयेत म्हणून कुंड्या पडवीत घ्याव्या लागतात. फेब्रुवारीत पेरलेली रोपे महाडच्या कडक उन्हाळ्यात सावलीखाली सांभाळून जूनपर्यंत हाताएवढी होतात आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात पहिल्यांदा फुलतात.

रोपे फुलेपर्यंत थांबून मग निवड करायची, ही सर्वत्र रूढ असलेली रीत. बिरवाडीसारख्या ठिकाणी मात्र पहिली चाळण ऑगस्टमध्येच लागते आणि ती लावणारा पाऊस असतो. उघड्या गादीवाफ्यावरची जी रोपे तेव्हा पिवळी पडतात ती फुलली असती तर कशी दिसली असती याचा विचार न करता सोडून द्यावीत आणि जी तगतात त्यांतूनच नोव्हेंबरात रूप पाहून निवड करावी. अशा रीतीने हाती लागलेल्या मोजक्या झाडांची कलमे करून दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी ती जुन्या वाणांच्या शेजारी, सारख्या मातीत आणि सारख्या खतावर वाढवून पाहायची असतात. निवडलेले झाड एकाच जागी ठेवणे येथे धोक्याचे आहे. जुलै २०२१ मध्ये महाड आणि बिरवाडी परिसरात जो महापूर आला त्यात माणसांचे संसार वाहून गेले. काठावरच्या वाफ्यातील एखादे एकुलते झाड अशा वेळी वाचण्याचा प्रश्नच येत नाही. दोन-चार काश्या उंचावरच्या वाडीतील कोणा नातलगाकडे देऊन ठेवणे हा त्यावरचा जुना आणि पुरेसा उपाय आहे.

संकराखेरीज नव्या शेवंतीची आणखी एक वाट आहे. कधी कधी पांढऱ्या शेवंतीच्या झाडावर एकच फांदी पिवळी फुलते. अशा आकस्मिक आनुवंशिक बदलाला उत्परिवर्तन म्हणतात, आणि पांढऱ्याचे पिवळे का होते याचा उलगडा २००६ मध्ये जपानी संशोधकांनी केला. पिवळा रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये पांढऱ्या शेवंतीतही तयार होतात, परंतु तिच्या पाकळीत एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, ती द्रव्ये तोडून टाकते. हे विकर घडवणारे जनुक निकामी झाले की दबलेला पिवळा रंग वर येतो. पांढरा रंग हा रंगाचा अभाव नसून रंग पुसून टाकण्याची अखंड क्रिया आहे, हे कळल्यावर साध्या पांढऱ्या शेवंतीकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. गुलाबी आणि जांभळ्या छटा अँथोसायनिन या दुसऱ्या द्रव्यगटामुळे येतात, आणि दोन्ही गट एकाच पाकळीत आले की तांबूस, विटकरी रंग दिसतो.

निसर्गाने करावे म्हणून वाट न पाहता असा बदल मुद्दाम घडवण्याचे काम भारतात मुख्यतः लखनौच्या राष्ट्रीय वनस्पतिशास्त्र संशोधन संस्थेने केले. मूळ धरलेल्या कलमांवर गॅमा किरणांची बेताची मात्रा सोडून तेथे अनेक नव्या रंगांची वाणे मिळवण्यात आली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे 'पुसा अनमोल' हे 'अजय' या वाणापासून अशाच मार्गाने निघाले. या वाटेत मोठी अडचण अशी, की किरणांमुळे बदल एखाद्या पेशीत होतो आणि झाड त्या पेशीपासून नव्हे तर अनेक पेशींपासून वाढते, त्यामुळे अर्धे फूल जुन्या रंगाचे आणि अर्धे नव्या रंगाचे, असा मिश्र अवयव मिळतो. नव्या रंगाची पट्टी शाळेच्या मोजपट्टीच्या एका रेघेएवढी असली तरी ती किरणपुष्पके कापून पोषक द्रव्यावर वाढवून त्यांपासून संपूर्ण झाड उभे करण्याचे तंत्र लखनौला विकसित झाले, आणि वाया जाणारे कितीतरी बदल त्यामुळे वाचले. शेवंतीत निसर्गतः कधीच न येणारा निळा रंगदेखील २०१७ मध्ये जपानात आणण्यात आला. त्यासाठी लागलेल्या दोन जनुकांपैकी एक गोकर्णाचे होते, म्हणजे कोकणातल्या कुंपणावर सहज चढणाऱ्या वेलीचे.

वाण हाती आले की वर्णन. येथे काव्याला जागा नसते. 'दुधासारखी पांढरी' हे वर्णन निरुपयोगी, कारण दूध म्हशीचे की गाईचे हा प्रश्न लगेच उभा राहतो; म्हणून रंगासाठी लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९६६ मध्ये प्रथम काढलेला रंगतक्ता वापरतात. त्यातील प्रत्येक रंगपट्टीला मधोमध छिद्र असते, छिद्रामागे पाकळी धरून दिवसाच्या पसरट उजेडात, थेट ऊन टाळून, रंग जुळवायचा आणि पट्टीचा क्रमांक लिहायचा. पाकळीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू यांचे क्रमांक वेगवेगळे नोंदवतात, कारण शेवंतीत या दोन बाजू बहुधा सारख्या नसतात. नुकत्या उमललेल्या फुलाचा आणि जुन्या फुलाचा रंगही वेगळा असू शकतो, तेव्हा फुलाची अवस्था सांगितल्याशिवाय क्रमांकाला अर्थ राहत नाही.

त्यानंतर आकार. स्तबक एकेरी आहे, निमभरगच्च आहे की भरगच्च. त्याचा व्यास किती. किरणपुष्पके किती ओळींत. ती सपाट आहेत, टोकाशी चमच्यासारखी आहेत की संपूर्ण नळीसारखी. आत वळलेली, सरळ की बाहेर झुकलेली. मधली तबकडी दिसते काय आणि दिसत असल्यास फुलाच्या किती भागाची. असे एकेक लक्षण ठरावीक शब्दांत मांडायचे असते. अमेरिकेतील शेवंतीप्रेमींच्या संस्थेने केवळ फुलाच्या घडणीवरून तेरा वर्ग पाडले आहेत आणि प्रदर्शनांत ते वापरले जातात, पण आपल्या हारवेणीच्या शेवंतीतील बारीक भेद दाखवायला ते अपुरे पडतात. येथे पान कामाला येते. फुले नसतानाही जवळजवळ वर्षभर हाताशी असते ते पान. त्याची लांबी-रुंदी, खालच्या बाजूची लव, खाचांची खोली, दोन खाचांमधले अंतर मोकळे आहे की कडा एकमेकींवर चढतात, देठाशी पानाचे बूड कसे जुळते, ही लक्षणे वाणागणिक बदलतात आणि फुलाच्या मानाने पुष्कळ स्थिर असतात. रोपवाटिकेत पांढऱ्या फुलांची तीन वाणे कळीआधी ओळखायची झाली तर जाणता माळी पानच उलटून पाहतो.

वर्णन एकट्या झाडाचे करून भागत नाही, ते तुलनेने करावे लागते. सर्वांत जवळचे, सर्वांत फसवणारे वाण शेजारी लावून त्याच्याहून हे कशात वेगळे आहे ते सांगावे लागते. ती तुलना एकाच हंगामाची न राहता निदान दोन हंगामांची असावी लागते, आणि मोजमापे एका देखण्या झाडाची न घेता अनेक झाडांची घ्यावी लागतात. महाराष्ट्रात तुलनेसाठी जी नावे प्रथम पुढे येतात ती राजा, झिपरी, सोनाली तारा, बंगी, पांढरी रेवडी, पिवळी रेवडी अशी. ही नावे बाजाराच्या आणि शेताच्या बोलीतून आलेली, कानाला गोड आणि एकेका शब्दात फुलाचे रूप उभे करणारी आहेत. तुरा विस्कटलेल्या केसांसारखा दिसला म्हणून झिपरी आणि गोळा पांढऱ्या रेवडीसारखा म्हणून रेवडी, असा त्यांचा अर्थ सहज लागतो. परंतु एकच नाव दोन तालुक्यांत दोन वेगळ्या झाडांना लावलेले असू शकते, आणि ते झाड कोणते हे पान-पाकळीच्या नोंदींवाचून सांगता येत नाही.

भारतात २००१ मध्ये झालेल्या वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायद्याने या वर्णनाला कायद्याचे बळ दिले. त्यानुसार नव्या वाणाची नोंदणी व्हायची तर ते विक्रीच्या दृष्टीने नवे, इतरांहून वेगळे, आपल्या सर्व झाडांत एकसारखे आणि पुन्हा पुन्हा वाढवल्यावरही स्थिर असावे लागते. नोंदणीने मिळणारे संरक्षण शेवंतीसारख्या झाडाला पंधरा वर्षांचे असते. हा कायदा फक्त संस्था आणि कंपन्यांचा विचार करून थांबत नाही, तर शेतकऱ्यांनी परंपरेने आपल्या शेतात वाढवलेल्या आणि घडवलेल्या वाणाला 'शेतकऱ्यांचे वाण' असा स्वतंत्र दर्जा देतो आणि त्याच्या नोंदणीसाठी शेतकऱ्याला शुल्क लावत नाही. एका हातातून दुसऱ्या हातात काशी देण्याची जी जुनी रीत आहे, तिलाही हा कायदा आडवा येत नाही. शेतातले उत्पन्न आणि बियाणे राखणे, वाटणे, देवघेव करणे हा शेतकऱ्याचा हक्क त्यात मान्य आहे, फक्त संरक्षित वाणाचे बियाणे त्याला तसा छाप लावलेल्या वेष्टनात विकता येत नाही.

या व्यवस्थेत एक उणीव राहते. वाण वेगळे आहे काय, हे नोंदणीची कसोटी विचारते. ते उपयोगाचे आहे काय, हे विचारत नाही. पाकळीचे टोक कोणत्या आकाराचे याचा रकाना तक्त्यात सापडतो, पण तीन हजार मिलिमीटर पावसात बुडाची किती पाने टिकली याचा सापडत नाही. कोकणाच्या शेवंतीचा हाच खरा गुण असल्याने तो नोंदवण्याचे काम वाढवणाऱ्यालाच करावे लागेल: पावसाळ्यातील प्रत्येक पंधरवड्याला जिवंत झाडांची संख्या, पहिली कळी दिसल्याची तारीख, पहिले फूल उमलल्याची तारीख, तोडल्यानंतर फूल किती दिवस टवटवीत राहिले, आणि कागदात दाबून वाळवलेले एक पान. रायगड जिल्हा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो आणि रोह्याजवळ किल्ला येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. फुलांसाठीचे राष्ट्रीय संशोधन संचालनालयदेखील आता पुण्यात आहे. अशा नोंदी असलेली वही घेऊन कोणी तेथे गेले तर तिचे मोल जाणणारी माणसे भेटणे अवघड नाही.

नाव ठेवतानाही काही पथ्ये आहेत. लागवडीतील वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे वाणाचे नाव शास्त्रीय नावानंतर एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात, आणि आपल्या कायद्याप्रमाणे ते नुसत्या आकड्यांचे किंवा वाणाच्या गुणांविषयी दिशाभूल करणारे चालत नाही. लखनौच्या एका पांढऱ्या शेवंतीला पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांचे नाव आहे आणि एका मोठ्या फिकट जांभळ्या शेवंतीला महात्मा गांधींचे. नदी, गड, घाट यांची नावे महाडच्या परिसरात तरी कमी पडणार नाहीत.

नावाबरोबर गावही सांगावे लागते. मातापित्यांची माहिती देताना मूळ झाड भारतात कोणत्या भौगोलिक ठिकाणाहून घेतले, हे अर्जात नमूद करावे असे कायदा म्हणतो, म्हणजे ज्या अंगणातून काशी आली त्या अंगणाच्या गावाचा त्या वाणाशी असलेला संबंध कागदावर उमटतो. तेथे नुसते 'बिरवाडी' लिहून चालणार नाही, कारण याच जिल्ह्यात रोहा तालुक्यातही बिरवाडी आहे आणि तिच्या नावाचा किल्ला आहे. तेव्हा तालुका महाड, जिल्हा रायगड, एवढे पुढे लिहावेच लागेल.